हिरव्या गल्लीतले डास

नांदवडीत डासांचे दोन रंग होते, हिरवा आणि जांभळा. म्हणजे डास सगळे काळेच, पायांवर पांढऱ्या पट्ट्यांचे, दिवसाढवळ्या चावणारे. रंग असायचा तो विजेच्या खांबावरच्या दिव्याला. पण एवढा फरक करत बसायला नांदवडीकरांना सवड कुठली? "आमच्याकडं हिरवे आहेत हो," असं लोक पाहुण्यांना सांगायचे, घरी केळीचा घड टांगल्यासारखं.

दर गल्लीच्या तोंडाशी खांबावर एक पांढरा डबा बसवलेला होता. गावानं त्याचं नाव ठेवलं 'तलाठी', कारण तो एका जागी बसून सगळ्यांची कुंडली मांडायचा. डब्यातून माणसाच्या घामासारखा वास सुटे, आपण श्वास सोडतो तशी उबदार हवा सुटे. डासीण फसून आत शिरली की कामातून गेली. आतल्या आत तिचं पीठ व्हायचं, त्या पिठातून तिचा जनुक बाहेर काढला जायचा, वाचला जायचा, आणि चहा उकळेपर्यंत खांबावरचा दिवा निकाल सांगून मोकळा.

निकाल कसला, तेही सांगायला हवं. डासाच्या मज्जातंतूत बारीक बारीक दारं असतात. दार उघडलं की संदेश पुढं जातो, मिटलं की थांबतो. धुरातलं औषध त्या दारात पाचर मारतं. दार मिटत नाही, संदेश थांबत नाही, डासाच्या अंगात एकच कल्लोळ उडतो. तो थरथरतो, उताणा पडतो, संपतो. आता हे दार कसं घडवायचं याचा नकाशा जनुकात असतो. पिढ्यान्‌पिढ्या नकला होताना नकाशातलं एखादं अक्षर चुकतं आणि ज्या मण्यांच्या माळेतून दार घडतं तिच्यातला एक मणी बदलतो. दार चालायचं ते चालतंच, पण चौकट जराशी वाकडी होते आणि पाचर बसेनाशी होते. अशा डासावर औषध ओता नाहीतर गुलाबपाणी शिंपडा, त्याला सारखंच. बरं, सरळ चौकटीचे सगळे मेल्यावर रान कुणाला मोकळं? या वाकड्यालाच. पावसाळा संपेपर्यंत गल्लीभर त्याचीच लेकरंबाळं.

तलाठी त्या नकाशातल्या तीन जागा तपासायचा. तिन्ही ठिकाणी जुनं अक्षर सापडलं तर दिवा हिरवा. एक जरी बदललं असलं तर जांभळा, म्हणजे इथं नेहमीचं औषध चालणार नाही, दुसरं आणा. खरं तर जांभळ्याच्या जागी आधी लाल होता. पण कुंभार गल्लीच्या तोंडाला लाल दिवा लागला त्या दिवशी तिथल्या बायका लाटणी घेऊन नगरपरिषदेवर चालून आल्या. "आमच्या दारात लाल दिवा लावता? तुमच्या बंगल्यावर लावा!" दुसऱ्या दिवशी गावातले सगळे लाल दिवे जांभळे झाले. नगरपरिषदेनं एवढ्या चपळाईनं केलेलं गावाच्या इतिहासातलं हे एकमेव काम.

पहिली दोन वर्षं मात्र चमत्कार झाला. ज्या गल्लीत जे चालेल तेच औषध मारलं गेलं आणि डेंगी खरोखर हटला. मग गावानं दिव्याचं जे करायचं तेच केलं. जांभळ्या गल्लीतली घरं पडून राहू लागली. मुलगी बघायला येणारे आधी खांबाकडं बघायचे. विठ्ठलनगरच्या नगरसेवकानं रात्रीतून दिव्यावर हिरवा जिलेटीन कागद चिकटवला, गणपतीच्या आराशीतला उरलेला. ते उघडकीला आल्यावर लोक म्हणाले, हुशार आहे गडी.

हे यंत्र गावात आणलं होतं तृप्ती पाटणेनं. नगरपरिषदेची कीटकशास्त्रज्ञ. जुन्या जकात नाक्याच्या खोलीत तिचं डासघर होतं. काचेच्या पेट्या, पेटीला कापडी बाही, आत तिचे पाळीव डास. पाळीव म्हणजे शब्दशः. या वंशानं पिढ्यान्‌पिढ्या औषधाचा थेंब पाहिला नव्हता. कुठलंही औषध आलं की आधी यांच्यावर मारून बघायचं. हे सुद्धा मेले नाहीत तर औषधच बोगस, एवढ्यापुरता त्यांचा उपयोग. अंडी घालायला डासिणीला रक्त लागतं. रक्त पाजायचं यंत्र आलं होतं, पण ते आलं तेच बिघडलेलं. म्हणून तृप्ती रोज सकाळी बाहीतून डावा हात पेटीत घालून बसायची आणि उजव्या हातानं चहा प्यायची. डावा हात कोपरापर्यंत रव्यासारखा झाला होता.

तिची आई, आक्का, येताजाता म्हणायची, "हिला सासरी नेणारा कुणी भेटला नाही, पण घर बघा कसं भरलंय!"

आक्का राहायची धाकट्याकडं. धाकटा दिग्विजय, घरात दिगू, गावात नगराध्यक्ष.

* * *

घोळ सुरू झाला यासीनभाईंपासून. यासीन मुल्ला धुराची गाडी चालवायचे. गल्लीत गाडीचा फटफट आवाज आला की बाया पोरांना घरात ओढायच्या आणि स्वतः दारात उभ्या राहून म्हणायच्या, "भाई, आमच्या बाजूला जास्त सोडा." गेल्या वर्षापासून सगळं गाव हिरवं होतं. सगळ्या गल्ल्यांना तेच एक औषध, तोच धूर. दिगूनं 'डासमुक्त नांदवडी' अशा कमानी उभारल्या होत्या.

श्रावणात यासीनभाईंना ताप भरला. डोळे मागून कुणीतरी दाबतंय असं दुखणं, अंगावर पुरळ. ते चालत दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरानं पत्ता विचारला, संगणकाच्या पडद्यावर त्या गल्लीचा दिवा बघितला आणि गोळी लिहून दिली.

"साहेब, रक्त तपासा की. डेंगी असंल."

"हिरव्या गल्लीतनं आलाय ना तुम्ही? हिरव्या गल्लीत कुठं डेंगी असतो? रक्ततपासणीला मंजुरीच मिळत नाही. घरी जा, पाणी प्या."

चार दिवसांनी त्यांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं. तृप्ती बघायला गेली तर एवढा आडदांड माणूस उशीएवढा झालेला.

"मॅडम," यासीनभाई हसले, म्हणजे हसायचा प्रयत्न केला, "मी रोज त्यास्नी धूर पाजतो, आन् त्ये मलाच चावले. नमकहराम!"

तृप्तीला हसू आलं नाही. तिच्या टाळूपर्यंत संताप चढला. डेंगी होता म्हणून नाही. डेंगी काय, होतो. पण तिनंच खांबावर चढवलेल्या दिव्याकडं बघून एका शहाण्यासुरत्या डॉक्टरानं समोर तापलेल्या माणसाला खोटं ठरवलं होतं. माणूस सांगतोय मी आजारी आहे, आणि खांब सांगतोय नाही!

ती परत आली ती थेट यासीनभाईंच्या घरी. न्हाणीतल्या पिंपातून अळ्या आणल्या, डास होऊ दिले, त्यांच्यावर औषध मारलं. डास पेटीभर निवांत फिरत राहिले. मग तिनं तीन जागांचा नाद सोडून त्या जनुकाचा सगळा नकाशाच वाचून काढला, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत. तिन्ही जागा निर्मळ. आणि तिथून पुष्कळ पुढं, जिकडं तलाठी ढुंकून बघत नव्हता, तिथं एक अक्षर बदललेलं. चौथी जागा. चौकट दुसऱ्याच कोपऱ्यातून वाकडी झाली होती.

यंत्रानं खोटं सांगितलं नव्हतं. त्याला जेवढं विचारलं तेवढ्याचंच उत्तर ते देत होतं. आणि वर्षभर एकच धूर खाऊन खाऊन, ज्याला कुणी विचारत नव्हतं तोच वंश गावभर पसरला होता.

* * *

नगराध्यक्षांच्या दालनात दिगूबरोबर यंत्रकंपनीचे बक्षी बसले होते. कंपनीचंच यंत्र, कंपनीचंच औषध. तृप्तीनं सगळं सांगितलं. बक्षींनी मान हलवली, अगदी मनापासून.

"मॅडम, तुमचं निरीक्षण उत्तमच आहे. पुढच्या आवृत्तीत आपण विचार करू."

"पुढची आवृत्ती कधी?"

"पुढच्या वर्षी. बघा, आज चौथी जागा जोडली तर उद्या सकाळी सगळं गाव जांभळं होईल. लोक घाबरतील."

"घाबरायलाच पाहिजेत! म्हणून तर दिवा लावलाय! लोकांना झोप लागावी म्हणून लावायचा असता तर अंगाई लावली असती खांबावर!"

दिगूनं बक्षींना चहाला पाठवलं आणि दार लावलं.

"ताई, पंधरा दिवसांनी मंत्री येतायत. डासमुक्त नगराचा मान आपल्याला मिळतोय, राज्यात पहिला. आता गाव जांभळं केलं तर माझं तोंड काळं."

"यासीनभाई मरता मरता वाचले, दिगू."

"वाचले ना? मग! त्यांना मी बघतो." त्यानं आवाज उतरवला. "अजून एक काम आहे तुझ्याकडं. समारंभात प्रात्यक्षिक करायचंय. काचेची पेटी, आत डास, धूर सोडायचा, सगळ्यांसमोर टपाटप पडले पाहिजेत. बक्षी म्हणाले, ताईंकडं पेट्या आहेतच."

तृप्तीला क्षणभर कळलंच नाही तो काय मागतोय. मग कळलं.

"माझे? ज्यांना नुसतं औषधाचं नाव घेतलं तरी चक्कर येते, ते? दिगू, ते माझ्या हातावर वाढलेत रे. कुस्तीच्या फडात पाळण्यातलं पोर उतरवून पाठ टेकवल्याचा नारळ घेणार तू?"

"लोकांना डास डासच. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय!"

"तुला कळतंय म्हणून तर तुला सांगतोय, दुसऱ्याला सांगितलं असतं तर बोभाटा झाला असता," दिगू म्हणाला, आणि यात आपण काही विचित्र बोललो असं त्याला अजिबात वाटलं नाही. "ताई, तुझं डासघर मीच टिकवलंय. मागच्या सभेत सगळे म्हणत होते, बंद करा. मी हात वर केला नाही. आठवतंय ना?"

त्या संध्याकाळी ती आक्काला भेटायला दिगूच्या घरी गेली. दारात दिगूनं हौसेनं आणून ठेवलेली दगडी ढोण होती, पूर्वी गुरांना पाणी पाजायचे तसली. त्यात झेंडू आणि गुलाबाच्या पाकळ्या तरंगत ठेवायची, पाहुण्यांनी फोटो काढायचे. नळाला पाणी दोन दिवसांआड, म्हणून ढोणीतलं पाणी बदलायचं जिवावर यायचं. फुलं तेवढी रोज ताजी. वर खांबावर हिरवा दिवा, गावातला सगळ्यात मोठा.

तृप्तीनं फुलं बाजूला सारली. पाण्यात अळ्या वळवळत होत्या, पाण्याच्या कडेला अंड्यांची काळी रेघ बसलेली.

"काय शोधतीस गं?" आक्का दारातून ओरडली.

"फुलं छान आहेत, आक्का."

"मग पिशवीत काय भरलंस?"

"बी."

"ने बाई, ने. भावाच्या घरातनं दुसरं काय मिळायचंय तुला!"

तिनं कडेची अंडी खरवडून नेली, धुतली, स्वच्छ पाण्यात उबवली. डास झाल्यावर त्यातले मूठभर वाटून तपासले. विषाणूचा मागमूस नव्हता. पुन्हा एकदा तपासले. तेवढं तिचं तिच्याशी ठरलेलं होतं.

दोन पेट्या शेजारी शेजारी ठेवल्या. एकीत लाडावलेले, दुसरीत दिगूच्या दारातले. पहिली पेटी दिली की भाऊ खूश, आक्का खूश, डासघर शाबूत, आणि गावाचे दिवे पुढचं वर्षभर हिरवे. समारंभाच्या सकाळी तिनं पहिल्या पेटीत हात घातला. "प्या गं बायांनो," ती म्हणाली, "आज तुम्हाला सुट्टी."

* * *

मैदानात मांडव खचाखच भरला होता. मंत्री, त्यांच्या शेजारी फेटा बांधलेला दिगू, मागं बक्षी, पहिल्या रांगेत जरीच्या साडीत आक्का. धूर सोडायला यासीनभाई स्वतः आले होते. कपडे अंगावर टांगल्यासारखे दिसत होते. तृप्तीनं नको म्हटलं तर म्हणाले, "मला बघायचंय मॅडम, समोर उभं राहून बघायचंय."

मोठ्या पडद्यावर पेटीचं चित्र दिसत होतं. दिगूनं माईक घेतला. "मंडळी, आता बघा आपल्या औषधाची ताकद!"

यासीनभाईंनी नळी लावली. पेटी पांढरी झाली. हळूहळू धूर विरला. पडद्यावर एक डास पडला, दुसरा डळमळला. टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच थांबल्या. बाकीचे काचेवर जाऊन बसले होते आणि पाय घासत होते, जेवणाआधी हात धुतल्यासारखे.

मांडवात कुणीतरी शिट्टी मारली. बक्षी पुढं झाले. "औषध मुरायला जरा वेळ लागतो. परिणाम उद्यापर्यंत दिसतो."

दिगूनं माईकवर हात ठेवला. "ताई, काय केलंस हे?"

"डास आणले. तूच म्हणालास, डास डासच."

"कुठले आहेत?"

तृप्तीनं त्याच्या हातातून माईक काढून घेतला. "हे डास हिरव्या गल्लीतले आहेत. नगराध्यक्षांच्या दारातल्या ढोणीतले. फुलांखालचे. खांबावरचा दिवा सांगतो, हे औषधानं मरतात. बक्षीसाहेब सांगतात, मेल्यातच जमा आहेत. मग माझी एवढीच विनंती आहे, अध्यक्षांनी या बाहीतून हात घालावा. मी रोज घालते."

मग मागून कुंभार गल्लीच्या बायका बसल्या होत्या तिथून आवाज आला, "घाला की!" आणि त्याचं लोण मांडवभर पसरत गेलं. घाला, घाला. मंत्री घड्याळात बघू लागले. दिगू हसत हसत आईकडं बघायला लागला, लहानपणी शाळेतली तक्रार घरी आल्यावर बघायचा तसा.

आक्का उठून उभी राहिली. "माझ्या दारातले म्हणतीय ती. मलाबी बघू दे रे. बहिणीनं इतकी वर्षं घातलाय, तुझ्या हाताला काय मेंदी लागलीय?"

दिगूचं एक होतं, त्याला हार दिसली की तो पुढं जायचा, मागं यायचं त्याला माहीतच नव्हतं. त्यानं रेशमी बाही वर केली आणि हात आत घातला. पडद्यावर तो हात केवढा तरी मोठा दिसला, गोरा, घड्याळाचा वळ असलेला. काचेवरचे डास उठले. हात काळा झाला.

त्यानं हात ओढला तेव्हा त्याच्याबरोबर दोघीतिघी डासिणी बाहेर आल्या आणि मंत्र्यांच्या दिशेनं गेल्या. मंत्री त्यांच्यापेक्षा वेगानं गेले.

* * *

त्या संध्याकाळी नांदवडीत जिलेटीनचा जांभळा कागद मिळेनासा झाला. लोकांनी शिड्या लावल्या आणि आपापल्या गल्लीचा दिवा आपणच झाकला. दवाखान्यापुढच्या खांबावर यासीनभाईंच्या बायकोनं कागद न मिळाल्यानं जांभळा परकर बांधला, आणि तापाचे रोगी आत जाताना डॉक्टराला तोच दाखवत राहिले.

डासघराच्या दारात दिगू आला. हात गांधीलमाशा चावल्यासारखा सुजलेला. तो ओरडेल म्हणून तृप्ती तयारीत होती. तो स्टुलावर बसला.

"मान गेला ताई माझा. मंत्र्यांनी फोन उचलला नाही."

"हं."

"एक विचारू?" तो हाताकडं बघत होता. "त्या डासांत... डेंगी नव्हता ना?"

तृप्तीनं पेटीच्या बाहीत डावा हात घातला, उजव्या हातानं चहाचा पेला उचलला. जिभेच्या टोकावर उत्तर होतं. अंडी धुतलेली, दोनदा तपासलेली. एका वाक्याचं काम. मग तिला यासीनभाईंच्या हिरड्या आठवल्या.

"दिगू, असं काय वेड्यासारखं विचारतोस? हिरव्या गल्लीतले होते ते. हिरव्या गल्लीत कुठं डेंगी असतो?"

"ताई!"

"घरी जा. पाणी पी. ताप आला तर रक्त तपासायला सांग. मंजुरी मिळाली तर तपासतीलच."

तो गेला. आठवडाभर नांदवडीच्या नगराध्यक्षांनी तासातासाला कपाळाला हात लावून पाहिला. दवाखान्यात रक्त तपासायला गेले तर पडद्यावरचा हिरवा पत्ता बघून डॉक्टरांनी त्यांनाही गोळीच लिहून दिली. मोठा माणूस म्हणून दोन लिहून दिल्या. त्याच दुपारी नगराध्यक्षांनी बक्षींना बोलावून घेतलं आणि दार लावून जे काही बोलले ते बाहेर चौकापर्यंत ऐकू गेलं. दुसऱ्या दिवशी तलाठ्याला चौथी जागा शिकवली गेली. पुढच्या वर्षीची आवृत्ती एका रात्रीत निघाली. दवाखान्याला हुकूम गेला, आधी माणूस बघा, मग खांब.

पहिला खरा जांभळा दिवा नगराध्यक्षांच्याच दारात लागला. तेव्हा तृप्तीनं फोन करून सांगितलं, "नव्हता रे त्यात डेंगी."

पलीकडून ढोण उपडी केल्याचा, फरशीवर पाणी सांडल्याचा आवाज आला, आणि त्याच्यावर आक्काचा, "अरे मेल्या, फुलं तरी काढून घ्यायचीस!"